विमानप्रवासाला नेमका किती वेळ लागतो?

‘लंडन ते न्यूयॉर्क साडेपाच हजार किलोमीटर, विमानाचा वेग ताशी नऊशे. सहा तासांत पोचायला हवं, मग तिकिटावर आठ तास कसे?’ हा प्रश्न आमच्याकडे वरचेवर येतो. भागाकार बरोबर आहे, पण विमान भागाकाराप्रमाणे उडत नाही.

आधी अंतराचं पाहू. शोधल्यावर दिसणारा किलोमीटरचा आकडा पृथ्वीच्या गोलावरून मोजलेला असतो. मुलांच्या पृथ्वीगोलावर लंडन आणि लॉस एंजेलिस यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. तो ग्रीनलंडवरून जाईल. सपाट नकाशावर हाच मार्ग कमानीसारखा वाकडा दिसतो आणि ‘उगाच वळसा घालतात’ अशी तक्रार येते. खरं तर तोच जवळचा रस्ता. वादळ किंवा बंद हवाई हद्द टाळताना मात्र खरोखरच वळसा पडतो. २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द युरोपातल्या विमानांना बंद झाली आणि हेलसिंकी–टोकियोचा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. शहरं होती तिथंच आहेत.

मग वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनहून न्यूयॉर्कला जाताना हा वारा समोरून येतो, म्हणून आठेक तास. परतताना तोच पाठीवर, म्हणून सातच्या आसपास. हिवाळ्यात वारा जास्त जोरात असतो.

तिकिटावरची वेळ विमान गेटवरून मागं ढकललं जातं तेव्हापासून, उतरून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीकडे जाणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात आलं. कॅप्टन घोषणेत सांगतात तो बहुतेक वेळा फक्त हवेतला वेळ, म्हणून तो कमी वाटतो. ताशी नऊशेचा वेगही मधल्या टप्प्यातला. त्यामुळे पाचशे किलोमीटरच्या उड्डाणालाही तास-सव्वा तास धराच.

सर्वांत जास्त घोळ होतो घड्याळाचा. सुटण्याची वेळ सुटण्याच्या शहरातली आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या शहरातली, असं तिकिटावर छापलेलं असतं. लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोचलात, तर प्रवास तीन तासांचा नव्हे. पाच तासांचा फरक मिळवा, आठ होतात. (मार्चमध्ये दोनतीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेर आठवडाभर हा फरक चारच तासांचा असतो, कारण दोन्ही देश घड्याळ वेगवेगळ्या रविवारी बदलतात.) हिवाळ्यात टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी १० च्या सुमारास उतरतं! ही छपाईची चूक नाही, मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते, ती पूर्वेकडे ओलांडली की तारीख एक दिवस मागं जाते. घ्यायला येणाऱ्यांना तारीख सांगताना एवढं जपा.

‘डायरेक्ट’ आणि ‘नॉन-स्टॉप’ यांतही गफलत होते. डायरेक्ट म्हणजे विमानक्रमांक एकच, पण वाटेत थांबा असू शकतो. कुठंही न थांबता जायचं असेल तर आरक्षण करताना ‘नॉन-स्टॉप’च मागा.

आणि विमानतळ ते मुक्काम हे अंतर वेगळं मोजा. नारिता विमानतळ टोकियोच्या मध्यभागापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे, आणि तिकिटावर तो तासाभराचा प्रवास कुठंच लिहिलेला नसतो.