हवाईचा ऊस, आर्कान्सातली कोंबडी: जपानी आणि मार्शलीज स्थलांतरितांच्या तुलनेची पार्श्वभूमी

हवाईत मार्शलीज लोकांचा, म्हणजे प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवरून आलेल्यांचा, विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. आमचे पणजोबा उसाच्या मळ्यात राबायला आले, हातात काही नव्हतं, तरी दोन पिढ्यांत पोरं शिकली, शिक्षक झाली, आमदार झाली. मग यांनाच सरकारी मदत कशाला? हे म्हणणारे बरेचदा जपानी वंशाचे असतात, आणि त्यांच्या पणजोबांचे कष्ट कोणी नाकारत नाही. पण या तुलनेत कायदा गाळला जातो. कोणत्या गटाला कोणत्या कागदावर आत घेतलं, त्या कागदात काय लिहिलं होतं आणि काय लिहायचं राहिलं, हे पाहिल्याशिवाय आजची तफावत समजत नाही.

जपान्यांची बाजू थोडक्यात. १८८५ ते १८९४ या काळात जपान सरकारच्या देखरेखीखाली सुमारे २९ हजार माणसं हवाईच्या साखर मळ्यांवर आली. त्यातली बहुतेक हिरोशिमा, यामागुची, कुमामोतो, फुकुओका या भागांतली शेतकरी कुटुंबांतली. सुरुवातीचा करार तीन वर्षांचा होता. पुरुषाला महिना ९ डॉलर आणि जेवणाचे ६ डॉलर, बाईला ६ आणि ४. राहायला जागा, सरपण आणि औषधोपचार मळेवाल्याकडून फुकट. हे शेवटचं कलम नीट वाचावं. मळ्यावरचा डॉक्टर आजाऱ्याला कामचुकार समजून परत रानात धाडायचा, अशा तक्रारी त्या काळात भरपूर झाल्या. तरीही 'पणजोबांना कुणी डॉक्टर दिला होता?' या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या करारातच आहे.

बाकी हाल होतेच. गळ्यात नंबरचा धातूचा बिल्ला, घोड्यावर बसलेला मुकादम, पाचट काढताना सोलवटून निघणारे हात. मजुरी वंशानुसार ठरायची. १९०९ साली जपानी मजुराला महिना १८ डॉलर मिळत, तर त्याच कामासाठी पोर्तुगीज किंवा पोर्तो रिकन मजुराला साडेबावीस. त्यावरून ओआहू बेटावर सुमारे सात हजार जपानी मजुरांनी संप केला. तो मोडला गेला, पण नंतर मळेवाल्यांना मजुरीतला भेद गुपचूप कमी करावा लागला. मळ्यातून सुटलेले लोक हवाईच्या कोना भागातल्या कॉफीच्या शेतीकडे, मासेमारीकडे, किराणा दुकानांकडे वळले. बँका उभं करत नव्हत्या, तेव्हा भांडवल आलं ते 'तानोमोशी'तून, म्हणजे आपल्या भिशीसारख्या गटांतून.

इथं दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, जपान त्या वेळी उगवती लष्करी सत्ता होता आणि होनोलुलूत त्याचा वाणिज्यदूत बसलेला होता. अमेरिका आणि जपान यांच्या १९०७-०८ च्या समझोत्यात मजुरांचं येणं थांबलं, तरी आधीच आलेल्यांच्या बायकांना येता आलं. फोटो पाहून लग्नं लागली, नवऱ्या बोटीनं आल्या, संसार उभे राहिले. दुसरी, त्या संसारातली मुलं जन्मानं अमेरिकन नागरिक झाली. आईबापांना मात्र नागरिकत्व नव्हतं. १९२२ साली सर्वोच्च न्यायालयानं जपानी माणूस 'गोरा' नाही म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही असा निकाल दिला. तीन महिन्यांनी त्याच न्यायालयानं अमेरिकेच्या सैन्यात राहिलेल्या एका पंजाबी शिखालाही तेच ऐकवलं. त्या निकालानं अमेरिकेतल्या सगळ्याच भारतीयांचा रस्ता दोन दशकांहून अधिक काळ बंद झाला. १९२४ मध्ये जपानी स्थलांतरही जवळपास पूर्ण थांबलं. पण तोवर हवाईच्या लोकसंख्येत जपान्यांचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर गेला होता. म्हणूनच जपानशी युद्ध पेटल्यावर १९४२ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपान्यांना छावण्यांत कोंबलं गेलं, पण हवाईत सरसकट धरपकड झाली नाही. तिथले जपानी उचलले असते तर बेटांचा गाडाच थांबला असता.

त्या छावण्यांपैकी दोन, रोव्हर आणि जेरोम, आर्कान्साच्या आग्नेय भागातल्या दलदलीत होत्या. १९४३ मध्ये त्या राज्यानं जपान्यांनी जमीन घेऊ नये म्हणून कायदाही केला. युद्ध संपल्यावर बहुतेक सगळे निघून गेले. त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, वायव्येला, चाळीस वर्षांनी मार्शलीज येऊ लागले.

युद्धानंतरचा क्रम ओळखीचा आहे. लढून परतलेल्या जपानी वंशाच्या सैनिकांनी सरकारी खर्चानं पदव्या घेतल्या, १९५२ मध्ये पहिल्या पिढीला नागरिकत्वाची वाट मोकळी झाली, १९५४ च्या निवडणुकीत हवाईचं विधिमंडळ मळेवाल्यांच्या पक्षाच्या हातून गेलं आणि १९७४ मध्ये जपानी वंशाचा गव्हर्नर निवडून आला. १९८८ मध्ये छावण्यांतल्या हयात लोकांना प्रत्येकी २० हजार डॉलर आणि माफीनामा मिळाला. माजी सैनिकांचं शिक्षण हीसुद्धा सरकारी मदतच होती, पण तिला कोणी तसं म्हणत नाही.

मार्शल बेटांची गोष्ट जपानशी आधीपासूनच गुंतलेली आहे. १९१४ ते १९४४ ही तीस वर्षं बेटांवर जपानचं राज्य होतं. जालुइत या बेटावरून कारभार चाले, खोबरं बाहेर जाई आणि स्थानिक मुलांसाठी तीन वर्षांच्या वेगळ्या शाळा असत, जपानी मुलांच्या शाळांपासून लांब. आजही अनेक मार्शलीज कुटुंबांत एखादे जपानी आजोबा निघतात; एका राष्ट्राध्यक्षांच्याही घरात होते. मग अमेरिका आली. १९४६ ते १९५८ मध्ये बिकिनी आणि एनेवेटाकवर ६७ अणुचाचण्या झाल्या. १ मार्च १९५४ च्या १५ मेगाटनच्या स्फोटाची राख रोंगेलाप या बेटावरच्या लोकांवर पडली, तशीच एका जपानी मासेमारी नौकेवरच्या २३ खलाशांवरही. त्यांच्यातला रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये गेला आणि जपानमध्ये वादळ उठलं. रोंगेलापसाठी तसं वादळ कुठं उठलं नाही.

अमेरिकेबरोबरचा मुक्त सहयोग करार १९८६ मध्ये लागू झाला. त्यात अमेरिकेला क्वाजालीन बेटावरचा क्षेपणास्त्र तळ मिळाला, शिवाय इतर देशांच्या सैन्याला बेटांपासून आणि भोवतालच्या समुद्रापासून दूर ठेवण्याचा अधिकार मिळाला. मार्शलीजना अनुदान मिळालं, अणुचाचण्यांपोटी १५ कोटी डॉलरचा निधी मिळाला आणि व्हिसाशिवाय अमेरिकेत जाऊन हवी तितकी वर्षं राहण्याची, काम करण्याची मुभा मिळाली. पुढे भरपाईच्या न्यायाधिकरणानं दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली, पण निधी आटल्यानं बहुतेक दिलीच गेली नाही. व्हिसाशिवाय राहण्याची मुभा म्हणजे अमेरिकेनं केलेला उपकार, असं मांडणारे लेख अजूनही छापून येतात. तळाची किंमत धरली तर हा सरळ व्यवहार होता.

या व्यवहारात एक खोच होती. मार्शलीज माणूस अमेरिकेत कायदेशीर राहतो, कर भरतो, सैन्यात भरती होतो, पण कायद्याच्या भाषेत तो 'स्थलांतरित' नसतो. ग्रीन कार्ड नाही, निर्वासिताचा दर्जा नाही, नागरिकत्वाकडे जाणारी स्वतंत्र वाट नाही. पहिली दहा वर्षं हे फारसं जाणवलं नाही, कारण गरिबांसाठीची मेडिकेड ही सरकारी आरोग्य योजना त्यांना लागू होती.

मग १९९६ चा कल्याणकारी योजनांचा कायदा आला. कुठले परदेशी नागरिक सरकारी मदतीला पात्र, याची त्यात यादी केली गेली: ग्रीन कार्डवाले, निर्वासित, आश्रय मिळालेले, असे काही गट. कराराखाली आलेले मार्शलीज, आणि तसाच करार असलेल्या मायक्रोनेशिया आणि पलाउ या देशांतले लोक कुठल्याच खान्यात बसत नव्हते, आणि त्यांच्यासाठी वेगळा खानाही केला गेला नाही. मेडिकेड गेलं, अन्नमदत गेली. हे मुद्दाम झालं की नजरचुकीनं, यावर आजही वाद आहे. मसुदा करणाऱ्यांना हे लोक आठवलेच नाहीत, असं बहुतेक जण म्हणतात. असेलही. पण नजरचूक एखाद्या दुरुस्तीत सुधारता येते, आणि ही दुरुस्ती व्हायला २४ वर्षं लागली. इतकी वर्षं टिकलेल्या चुकीला धोरण म्हणायला काय हरकत आहे?

भार राज्यांवर पडला, त्यात सगळ्यात जास्त हवाईवर. मार्शल बेटांवर डायलिसिसची सोय नव्हती, त्यामुळे मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसापुढे घर सोडण्यावाचून मार्ग नव्हता. आयात तांदूळ, मैदा आणि डबाबंद मांसावर पोसलेल्या बेटांत मधुमेह घरोघरी आहे, त्यामुळे अशी माणसं थोडी नव्हती. हवाईनं काही वर्षं स्वतःच्या तिजोरीतून मेडिकेडसारखेच उपचार दिले. करारामुळे पडणाऱ्या भारापोटी केंद्र वर्षाला ३ कोटी डॉलर देई, तेही हवाई, ग्वाम, उत्तर मारियाना आणि अमेरिकन सामोआ यांच्यात वाटून. हवाईचा खर्च याच्या कितीतरी पट होता. मंदी आली आणि राज्यानं हात आखडला. २००९ मधला पहिला प्रयत्न न्यायालयात अडकला. जुलै २०१० मध्ये मात्र या लोकांना वेगळ्या, तोकड्या योजनेत टाकलं गेलं: वर्षाला रुग्णालयात दहा दिवस, डॉक्टरकडे बारा फेऱ्या, महिन्याला चार औषधं. मधुमेह, रक्तदाब आणि डोळ्यांचा त्रास एकत्र असलेल्या माणसाची चार औषधं पहिल्याच चिठ्ठीत संपतात.

डिसेंबर २०१० मध्ये जिल्हा न्यायालयानं योजना थांबवली. एप्रिल २०१४ मध्ये अपील न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतानं तो आदेश उलटवला. केंद्रानं काढून घेतलेली मदत राज्यानं स्वतःच्या पैशानं भरून काढावी अशी सक्ती समानतेच्या तत्त्वातून निघत नाही, असं बहुमताचं म्हणणं. कायद्याच्या चौकटीत हे बसतं, पण त्याचा अर्थ असा की केंद्र म्हणणार राज्यानं बघावं, राज्य म्हणणार केंद्रानं काढलं, आणि मधल्या माणसाला दोघांकडेही दाद नाही. सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी प्रकरण ऐकायला नकार दिला. नंतर ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांनी विम्याचे हप्ते भरण्याच्या योजना काढल्या, आर्कान्सानं २०१८ च्या सुमारास मुलांना संरक्षण दिलं. मोठी माणसं तशीच राहिली.

डिसेंबर २०२० मध्ये अर्थसंकल्पी विधेयकाच्या पोटात मेडिकेड परत आलं. हा विषय वर्षानुवर्षं लावून धरणाऱ्यांत हवाईच्या एक सिनेटर पुढे होत्या. त्या स्वतः जपानात जन्मलेल्या आणि लहानपणी आईबरोबर स्थलांतरित होऊन आलेल्या. सुरुवातीच्या त्या युक्तिवादाला याहून ठोस उत्तर मिळणं अवघड आहे. मार्च २०२४ मध्ये करार वीस वर्षांसाठी नव्यानं बांधला गेला. तिन्ही देशांसाठी मिळून सुमारे ७.१ अब्ज डॉलर ठरले आणि अन्नमदतीसह उरलेल्या योजनाही खुल्या झाल्या.

मेडिकेड परत आलं ते करोनाच्या वर्षाच्या अगदी शेवटी, आणि या उशिराची किंमत स्प्रिंगडेलमध्ये दिसली. आर्कान्साच्या या शहरात देशातल्या एका बलाढ्य मांस कंपनीचं मुख्यालय आहे. १९८० च्या दशकात एक मार्शलीज माणूस कोंबडीच्या कारखान्यात लागला, त्यानं घरी कळवलं आणि नातेवाईक येत गेले. कामाला फारसं इंग्रजी लागत नाही. गार, ओल्या हॉलमध्ये सरकत्या पट्ट्यासमोर खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि कोंबडीचं तेच हाड दिवसभर सोडवत राहायचं. २०२० च्या वसंतात कारखाने सुरूच राहिले. त्या भागातल्या दोन काउंटींत मार्शलीज लोकसंख्येच्या दोन-तीन टक्के होते, पण जूनपर्यंतच्या करोना रुग्णांत त्यांचा वाटा पाचव्या हिश्शाच्या आसपास होता. एकेका घरात तीन पिढ्या राहतात हे कारण पुढे केलं गेलं आणि ते खरंही आहे. एवढ्या पगारात घरभाडं भागवायचं तर तीन पिढ्यांना एकत्र राहावंच लागतं.

आज दोन्ही समाज शेजारी ठेवले तर चित्र एकतर्फी दिसतं. जपानी वंशाचे बहुसंख्य लोक अमेरिकेतच जन्मलेले, सरासरीपेक्षा शिकलेले आणि कमावते. त्यांची काळजी म्हाताऱ्यांची वाढती संख्या. मार्शलीज समाज तरुण. २०१० च्या जनगणनेत त्यांची संख्या साडेबावीस हजारांच्या आसपास होती, २०२० मध्ये ती पन्नास हजारांवर गेली. म्हणजे मायदेशात उरलेल्यांपेक्षा जास्त, कारण मार्शल बेटांच्या २०२१ च्या गणनेत अवघे ४२ हजार भरले. दारिद्र्याचं प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या कितीतरी वर. पैसा गोळा करायची रीत त्यांच्यातही पक्की आहे, पण तो जातो मुलाच्या पहिल्या वाढदिवसाच्या 'केमेम'ला, जिथं शेकड्यांनी माणसं जेवतात, आणि मृतदेह विमानानं बेटावर पोचवायला. यावरून त्यांना उधळे ठरवणाऱ्यांनी हेही पाहावं की २०१८ पर्यंत त्यांचा वाहन परवाना एका वर्षाच्या मुदतीचा असे. दर वर्षी नव्यानं काढावा लागणारा परवाना हाताशी घेऊन कर्ज मागायला बँकेत कोण जाणार?

शिवाय वर्षांचा हिशेब जुळत नाही. जपानी हवाईत येऊन १४० वर्षं झाली, मार्शलीजना करार मिळून चाळीस. चाळीस वर्षांचा हिशेब लावायचा तर १९२५ च्या हवाईशी लावावा. तेव्हाही बहुतेक जपानी कुटुंबं हातावर पोट असलेलीच होती आणि थोरांना नागरिकत्व नव्हतं.

थोरांच्या बाबतीत मार्शलीज आजही तिथंच आहेत. २०२४ च्या करारानं मदत दिली, नागरिकत्वाची वाट दिली नाही. तीस वर्षं कोंबडी कापणाऱ्या माणसाला नोकरीवर आजही मार्शल बेटांचा चालू पासपोर्ट आणि प्रवेशाची नोंद दाखवावी लागते. ग्रीन कार्ड हवं तर इतर परदेश्यांसारखाच अर्ज, तोही सहसा नात्याच्या आधारानं. अमेरिकेत जन्मलेलं मूल २१ वर्षांचं झालं की आईबापांसाठी असा अर्ज करू शकतं, आणि स्प्रिंगडेलमध्ये जन्मलेली मुलं आता त्या वयाला येऊ लागली आहेत.