मोनेची कमळं भिंतीवर कशी आली

चित्रकारांच्या गप्पांत ‘डेकोरेटिव्ह’, म्हणजे नुसतं सजावटीचं, हा शब्द बऱ्याचदा नाक मुरडून उच्चारला जातो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने मात्र आपल्या अखेरच्या आणि सगळ्यात मोठ्या कामाला, कमळतळ्याच्या भिंतभर चित्रांना, स्वतःच ‘मोठ्या सजावटी’ म्हटलं होतं.

ल हाव्र बंदराच्या गावी वाढलेल्या मोनेला उघड्यावर बसून रंगवायची गोडी चित्रकार युजेन बूदँने लावली. पुढचा बोटींचा, धुक्याचा, गवताच्या गंज्यांचा मोने सगळ्यांना माहीत आहे. पण १८७६ मध्येच त्याने कापडव्यापारी अर्नेस्त ओशेदेच्या वाड्यासाठी सजावटीची चित्रं केली होती. त्यातल्या एकात हिरवळीवर पांढऱ्या टर्की चरताहेत. भिंतीची ओढ म्हातारपणी अचानक लागली नाही.

१८८३ मध्ये तो झिव्हर्नी या गावी राहायला गेला आणि दहा वर्षांनी तिथे कमळांसाठी तळं करायला घेतलं. त्यासाठी ओढ्याचं पाणी वळवायचं होतं. परदेशी रोपांनी पाणी बिघडेल म्हणून गावकऱ्यांनी हरकत घेतली. तळं झालंच. १८९९ च्या सुमाराच्या चित्रांत जपानी धाटणीचा पूल, काठ, झाडी सगळं जागच्या जागी आहे. मग काठ वर सरकत गेला आणि एक दिवस चौकटीबाहेरच गेला. उरलं फक्त पाणी, आणि त्यात उलटं पडलेलं आकाश. मला खरं वळण इथे दिसतं. क्षितिज नाही म्हटल्यावर नजर दूर कुठे जाणार? ती पृष्ठभागावरच फिरत राहते, आणि असा पृष्ठभाग आडवा हवा तेवढा वाढवता येतो. असाच सपाट पृष्ठभाग असलेली जपानी छापचित्रं त्याच्या घराच्या भिंतीभर होतीच.

१९११ मध्ये पत्नी आलिस गेली, १९१४ मध्ये थोरला मुलगा. डोळ्यांत मोतीबिंदू. जुना मित्र, फ्रेंच राजकारणी क्लेमाँसो, पाठीशी उभा राहिला आणि ऐन महायुद्धात मोनेने या कामासाठी नवा प्रशस्त स्टुडिओ बांधला. युद्धबंदीच्या दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ ला, त्याने दोन चित्रफलक देशाला देऊ केले. दोनाचे अखेर २२ झाले. पण जिवंतपणी त्याने ते हातचे सोडले नाहीत. डिसेंबर १९२६ मध्ये तो गेला आणि पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात या चित्रांची दोन लंबवर्तुळाकार दालनं १९२७ च्या मे महिन्यात उघडली.

सुमारे दोन मीटर उंचीचे हे कॅनव्हास भिंतींना थेट चिकटवलेले आहेत. म्हणूनच २००६ मध्ये संपलेल्या दुरुस्तीच्या वेळी ते हलवता आले नाहीत. जागेवरच झाकून ठेवावे लागले.