डिझायनर म्हणजे नेमका कोण? चाहता-चित्रकार ते रोबो-खेळण्यांचा कारागीर, एका वाटेची पार्श्वभूमी

‘आधी फॅन आर्ट करायचा, आता खेळणी डिझाइन करतो आणि त्यांच्या कथाही लिहितो’ ही ओळख ट्रान्सफॉर्मर्सच्या, म्हणजे गाडी किंवा विमानाचा रोबो होणाऱ्या खेळण्यांच्या वर्तुळात आता कोणाला नवी वाटत नाही. ती तीन वेगवेगळ्या कामांची सरमिसळ आहे, आणि श्रेयावरून होणाऱ्या बहुतेक वादांचे मूळ या सरमिसळीत सापडते.

मागे जायचे तर १९८० सालच्या ‘डायाक्लोन’ या जपानी खेळण्यांच्या मालिकेपर्यंत जावे लागते. पायाशी लोहचुंबक असलेले इवलेसे चालक, १/६० मापाचे रोबो आणि १९८२ पासून त्यातच आलेल्या, रोबो होणाऱ्या ओळखीच्या गाड्या. त्या गाड्यांच्या आराखड्यांवर काम करणाऱ्यांपैकी एक जण टोकियोतल्या विद्यार्थ्यांच्या अशा टोळक्यातून आला होता, जे १९७९ च्या एका रोबो-मालिकेवर स्वतःचे फॅनझिन, म्हणजे चाहत्यांचे हौशी नियतकालिक, काढत असे. रूपांतर जमते की नाही हे तो लेगोचे ठोकळे जोडून तपासायचा. पुढे तो मालिकांचा कथाकार आणि दिग्दर्शकही झाला. म्हणजे चाहत्याने धंद्यात शिरण्याची वाट इंटरनेटने काढली, हे खरे नाही.

१९८४ मध्ये हीच खेळणी ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने अमेरिकेत गेली तेव्हा चालक गळले. गाड्यांतल्या त्यांच्या जागा मात्र तशाच राहिल्या. क्षेपणास्त्रांच्या स्प्रिंगा मुद्दाम इतक्या कमजोर केल्या की ती उडण्याऐवजी पायाशी पडत. नावे, स्वभाव, वैर हे सगळे खेळणे तयार झाल्यावर लिहिले गेले. खोक्याच्या मागे शक्ती, बुद्धी, वेग, धैर्य अशा आठ गुणांना १ ते १० आकडे दिलेले असत. ते तक्ते लाल पारदर्शक पट्टीतून वाचावे लागत. आधी साचा आणि मागाहून कथा, हा क्रम तेव्हा पडला आणि अजूनही फारसा बदललेला नाही.

नव्वदच्या दशकात यूझनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चा-मंचावरच्या गप्पा आणि १९९४ पासूनची वार्षिक संमेलने यांमुळे चाहत्यांची चित्रे एकमेकांना दिसू लागली. जपानमध्ये त्याआधीपासून हौशी मूर्तिकारांच्या मेळ्यात ‘त्या दिवसापुरता परवाना’ मिळत असे. काही महिने आधी अर्ज करायचा, नमुना दाखवायचा, ठरलेले नग त्याच जागी त्याच दिवशी विकायचे. हक्कधारकाला हौशी हातांची ओळख व्हायची ती अशी.

खरी भरती आली २००२ मध्ये. कॉमिक्सचा परवाना नव्या प्रकाशकाकडे गेला आणि चाहत्यांतले चित्रकार थेट कामावर लागले. पृथ्वीवर येण्याआधी हे रोबो कसे दिसत असतील, यावरची सहा अंकांची मालिका त्याच वर्षी आली. तिचा चित्रकार स्वतःच्या हौशी कॉमिकमुळे ओळखला जात होता. प्रकाशक २००५ च्या जानेवारीत बंद पडला, चित्रे मात्र टिकली. त्यातल्या नायकाचे रूप पुढे धातू-प्लास्टिकच्या एका मालिकेत खेळणे म्हणून आले.

इथेच ‘डिझायनर’ या शब्दाचा गुंता सुरू होतो. त्या खेळण्याचा डिझायनर कोण? चाहते चित्रकाराचे नाव घेतात. पण रोबोच्या खेळण्यात ‘डिझाइन’ निदान तीन टेबलांवर होते. पहिल्या टेबलावर रूप ठरते: चेहरा, खांदे, छातीवरच्या काचा. दुसऱ्यावर रूपांतर ठरते: कोणता भाग कोणत्या बिजागरीवर फिरेल आणि गाडीचे छत रोबोच्या पाठीवर कुठे मुडपेल. तिसऱ्यावर साचा ठरतो: भिंतीची जाडी, साच्यातून भाग सुटावा म्हणून उभ्या बाजूंना दिलेला अंशभराचा ढाळ, पिनांच्या जागा, रंगकामाचे टप्पे. चित्रकार पहिल्या टेबलावरून येतो. दुसऱ्यावर बसायला त्याला भाग मोजायला शिकावे लागते.

कागदावर वस्तुमान नाहीसे करता येते, प्लास्टिकात नाही. चित्रात गाडीचे नाक छाती होते आणि छाती कमरेपाशी निमुळती होते. खेळण्यात ते नाक गाडीइतकेच रुंद राहते. मग उरलेले पत्रे, दारे, चाके पाठीवर लटकतात. चाहते त्याला ‘किबल’ म्हणतात. आपल्याकडे लटकन म्हटले तरी चालेल. ती टाळायचे मार्ग तीनच. घड्या वाढवायच्या, म्हणजे भाग आणि खर्च वाढतो. काही तुकडे सुटे काढून जोडायचे, यावर चाहते चिडतात. नाहीतर छातीवर खोट्या काचा लावायच्या आणि खऱ्या पाठीमागे दडवायच्या. २००३ पासूनच्या महागड्या संग्राहक-मालिकेत, विशेषतः तिच्या नंतरच्या गाड्यांत, पडद्यावरच्या कार्टून मालिकेतल्या रूपाशी तंतोतंत जुळण्यासाठी हा तिसरा मार्ग वाढत गेला. त्याला फसवणूक म्हणणारा गट लहान नाही, आणि त्याचा मुद्दा अगदीच पोकळही नाही: रूपांतर म्हणजे तोच भाग दुसऱ्या कामाला येणे, अशी या खेळण्याची मूळ गंमत होती.

चित्रकाराच्या हातून होणाऱ्या चुकाही ठरलेल्या असतात. बिजागरीचा भाग दिसायला छान म्हणून पारदर्शक ठेवला की त्यातून ठोकलेल्या पोलादी पिनेभोवती पांढरी वर्तुळे उमटतात, मग तडा जातो. खांद्याला जस्ताच्या मिश्रधातूचे वजन दिले आणि सांधा केवळ घर्षणावर ठेवला, तर हात काही दिवसांत लोंबतो. वर सांगितलेली धातू-प्लास्टिकची मालिका यासाठीच बदनाम झाली. अशा जागी दाते असलेला खटका हवा. एबीएस या कडक प्लास्टिकचा गोळा एबीएसच्याच खोबणीत सतत फिरला की झिजतो. संग्राहक त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर देऊन, पूर्ण वाळवून, मग जोडतात. मुठीच्या ५ मिमी भोकात एक दशांश मिलिमीटरचा फरक पडला तरी शस्त्र गळून पडते किंवा मूठ फाटते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासूनचे सोनेरी, चमकीच्या लाटा असलेले प्लास्टिक तर खोके न उघडताही ठिसूळ होऊन तुटते. चमकीचे कण मिसळल्यामुळे ते मुळातच कच्चे राहते.

रंगाचे गणित याहून चिवट. एका साच्यातून एका फटक्यात निघणारे सगळे भाग एकाच प्लास्टिकचे आणि एकाच रंगाचे असतात. मांडी आणि बंपर शेजारी ओतले, तर पुढे त्याच साच्यातून दुसरे पात्र काढताना दोघांचा रंग एकत्रच बदलतो. वेगळा हवा तर रंगकाम आले, आणि रंगकामाचा प्रत्येक टप्पा किमतीत मोजला जातो. म्हणून जाणता डिझायनर पहिल्याच आराखड्यात दुसऱ्या, तिसऱ्या पात्राची सोय करून ठेवतो: डोके आणि छाती बदलता येतील, सापळा तोच राहील. कोणती दोन पात्रे एका अंगावर शोभतील हे त्याला पाठ असते. चाहता असण्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो, चित्रात नव्हे.

लेखनही याच साच्यातून निघते. १९८४ मध्ये स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प ही तीन विमाने एकाच साच्याची होती. त्यांना वेगळे केले ते रंगाने आणि खोक्यामागच्या चार ओळींनी. जपानमध्ये २००० नंतर डायाक्लोनच्या जुन्या, अमेरिकेत कधी न गेलेल्या रंगांतल्या गाड्या दुकान-विशेष आवृत्त्या म्हणून आल्या आणि प्रत्येकीला नवे नाव, नवे चरित्र मिळाले. २०१४ पासूनच्या एका जपानी मालिकेत तर खोक्यातच छोटे कॉमिक येऊ लागले. तिथे लेखकाला मिळणारे काम साधारण असे: हा लाल रंग का, याचे कारण सांगा.

चाहत्यांतून कारखानदारीकडे गेलेली दुसरी फांदीही सांगायला हवी. २००६ मध्ये जुन्या पात्रांची नव्या सांध्यांची खेळणी आल्यावर काही हौशी गटांनी दोन-तीन वर्षांत त्यांच्यासाठी विनापरवाना चिलखते आणि बंदुका काढल्या. पुढे संपूर्ण रोबोही. त्यांना ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. कायद्याने तिसरा पक्ष वगैरे काही नाही, तो सरळ हक्कभंगाचा प्रश्न आहे. शब्द मात्र इतका सभ्य निवडला गेला की वादाची अर्धी धार तिथेच गेली.

लेखकाच्या वाट्याला शेवटी येतो तो नावांचा घोळ. ‘रॅचेट’ हे एका पात्राचे नाव, पण तो रोजच्या वापरातला इंग्रजी शब्द. त्यावर एकट्याने हक्क सांगणे अवघड, म्हणून खोक्यावर ‘ऑटोबॉट रॅचेट’. वापरात नसलेले नाव दुसरा कोणी नोंदवून बसतो, मग जुन्याच पात्राला नवे नाव शोधावे लागते. या खेळण्यांचा नायक ऑप्टिमस प्राइम जपानमध्ये ‘कॉन्व्हॉय’ म्हणून आला, त्यामुळे तिकडच्या चरित्रलेखनात दोन नावांचा हिशेब सांभाळावा लागतो. आणि खोक्याच्या तळाशी, जिथे साल आणि हक्कधारक छापतात, तिथे तिन्ही टेबलांवरच्या माणसांपैकी सहसा कोणाचेच नाव नसते.