हीट पंप : प्रश्न यंत्राचा कमी, पाणी किती तापवायचं याचा जास्त

मे महिन्यात ४५ अंशांत भाजून निघणाऱ्या खान्देशात घर गरम करण्याचा विषय काढला तर लोक हसतील. पण थंडीत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा अंघोळीचं पाणी तापवावंच लागतं. शिवाय इकडची बरीच पोरं आता जर्मनी-इंग्लंडात जुन्या घरांत राहतात. गॅसचा बॉयलर काढून हीट पंप लावावा का, हा त्यांच्या घरचा प्रश्न फोनवरून जळगाव-भुसावळपर्यंत पोचतो. इथलं पाणी तापवणारं आणि तिथलं घर उबदार ठेवणारं यंत्र एकाच जातीचं आहे.

हे यंत्र उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली किंवा पाण्यातली उचलून आत आणतं. फ्रिजच्या मागची जाळी गरम लागते, ती याच तत्त्वाने. इमारत गरम आणि थंड करायला हे वापरता येईल, असं लॉर्ड केल्विनने १८५२ मध्येच मांडलं होतं. पुढे चार-पाच वर्षांत ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगरने एबेनझेच्या मिठागरात खारं पाणी आटवण्यासाठी असं यंत्र उभारलं. हेतू लाकूड वाचवण्याचा होता. पण तापणाऱ्या पृष्ठभागावर मिठाची कडक खपली धरू लागली आणि काम अडखळलं. बोअरचं पाणी वापरणाऱ्याला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

घरांच्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष १९३८. झुरिचच्या टाउन हॉलमध्ये लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप सुरू झाला. स्वित्झर्लंडला कोळसा बाहेरून आणावा लागे, वीज मात्र धरणांची होती. तो पंप २००१ मध्ये बदलला. दरम्यानच्या काळात तेल स्वस्त झालं तसा विषय मागे पडला, १९७३ च्या तेलटंचाईत पुन्हा वर आला आणि २०२२ मध्ये रशियाचा गॅस आटल्यावर तर युरोपात त्याचीच चर्चा. इंधन महागलं की हीट पंप आठवतो, स्वस्त झालं की विसरतो.

तिकडची खरी अडचण भिंतीवरच्या रेडिएटरची, म्हणजे गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या पत्र्यांची आहे. जुने रेडिएटर सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या पाण्याच्या हिशेबाने निवडलेले. त्यांत सरासरी ४५ अंशांचं पाणी फिरवलं, तर २० अंशांच्या खोलीत ते जेमतेम ४० टक्के उष्णता देतात. पाणी पूर्वीसारखं सत्तर-पंचाहत्तरपर्यंत तापवत राहिलं तर पंपाला वीज जास्त लागते आणि त्याचा फायदाच जातो. म्हणून आधी खिडक्या-छपरातून किती ऊब निसटते ते मोजायचं, मग रेडिएटर मोठे करायचे आणि पंप शेवटी निवडायचा. ‘असू द्या जरा मोठाच’ म्हणून घेतलेला पंप सारखा चालू-बंद होतो आणि लवकर झिजतो. दुकानदार बहुधा हा क्रम उलटा लावतो.

आपल्याकडे बंबात पऱ्हाट्या नि तुराट्या जळायच्या. मग गिझर आला, गच्चीवर सोलर आलं. गिझर सोयीचा, पण हिशेबाला कच्चा. दीपनगरच्या औष्णिक केंद्रात कोळशाची जेमतेम एक तृतीयांश उष्णता विजेत उतरते, आणि त्या विजेने आपण पुन्हा पाणीच तापवतो! २०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला सुमारे सात युनिट लागतात. हवा उबदार असेल तर हीट पंप तेच दोन-सव्वादोन युनिटांत करतो. पहाटेच्या गारठ्यात तो थकतो. त्यामुळे टाकी चांगल्या आवरणाची घ्यावी आणि पाणी दुपारी दोनच्या उन्हात तापवून ठेवावं. थंडीतही खान्देशची दुपार उबदारच असते.

जुन्या सोलरच्या टाकीलाच हीट पंप जोडता येतो का, असं बरेच जण विचारतात. टाकी आतून गंजलेली नसेल, तिचं आवरण शाबूत असेल आणि पाणी फिरवायला छोटा पंप बसवायची तयारी असेल, तर येतो. सोलरमध्ये गरम पाणी आपोआप वर चढतं, इथे ते ढकलावं लागतं. आधी गिझरची कॉइल उघडून पाहावी. तिच्यावर पांढरा थर जाड असेल तर क्षार कमी करणारी सोय आधी करावी लागेल, आणि पाणी ५५ च्या वर रोज नेऊ नये. त्यापुढे क्षार झपाट्याने बसतात.