बांगडा, आमसूल आणि आपलं नाक

मालवणला चिवला किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली, तर जाळं वाळूवर येईपर्यंत थांबा. तडफडणारा एखादा बांगडा उचलून हुंगा. वास जवळपास नाहीच, असलाच तर समुद्राचा. ज्याला आपण ‘माशाचा वास’ म्हणतो, तो या बांगड्यात अजून तयारच झालेला नसतो.

खारं पाणी माशाच्या अंगातलं पाणी ओढून घ्यायला टपलेलं असतं. त्याच्याशी जमवून घेण्यासाठी समुद्री मासे पेशींमध्ये ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड साठवतात. या लांबलचक नावाच्या पदार्थाला स्वतःचा वास नाही. पण मासा मेला की जिवाणू त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरतं ट्रायमिथाइलअमाइन. नाक मुरडायला लावतं ते हे. रोहू-कटल्यात हा साठा अगदी थोडा, त्यामुळे त्यांना वास आला तर बहुधा चिखलाचा येतो.

आता तिखल्याकडे, म्हणजे आमसूल आणि तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखट मालवणी रश्शाकडे वळू. ट्रायमिथाइलअमाइन हा अल्कधर्मी पदार्थ, आणि आमसुलात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल भरपूर. दोघांची गाठ पडली की क्षार तयार होतो. तो रश्शात विरघळून राहतो, हवेत उडत नाही. जे हवेत उडत नाही, ते नाकापर्यंत पोचणार कसं? तळलेल्या तुकडीवर लिंबू पिळतो त्यामागेही हेच. तिरफळाचं काम वेगळं. त्याची साल जिभेला झिणझिण्या आणते. तिरफळाची चुलत बहीण म्हणजे चिनी सिचुआन मिरी. ती ओठांना लावून लंडनच्या संशोधकांनी 2013 साली झिणझिणी मोजली, तर ती सेकंदाला सुमारे 50 कंपनांसारखी जाणवत होती! तिरफळाची बी मात्र काढून टाकायची.

इथवर सगळं झकास. पण आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकी आमसुलावर एवढा भरवसा ठेवत नव्हत्या. बाजारात त्या बांगडा डोक्याकडून आडवा धरायच्या. शेपटी ताठ राहिली तर ठीक. लोंबली तर परत टोपलीत. “आधी कल्ले बघूचे, मगे भाव विचारूचो.” कल्ले लालभडक हवेत, तपकिरी नकोत.

काकींचं बरोबर होतं, आणि कारण बांगड्याच्या मांसातच आहे. त्यात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल मुबलक असतं. बांगडा बर्फाशिवाय उन्हात काही तास पडून राहिला, की काही जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते. मग ‘मला बांगड्याची अॅलर्जी आहे’ असा गैरसमज जन्मभर चिकटतो. हिस्टामीनला माशासारखा वास नाही. उकळून ते जात नाही, तळून जात नाही, फ्रीजरमध्ये ठेवूनही जात नाही. आमसूल तर त्याच्या वाटेलाही जात नाही; उलट शिळ्या माशाचा वास दाबून तेवढी एक खूणही पुसून टाकतं.

त्यामुळे किनाऱ्यावरच्या खानावळीत मी तिखलं मागवण्याआधी कच्चा बांगडा दाखवायला सांगतो. बर्फात पुरलेला असला आणि कल्ले लाल दिसले, तर दोन. आणि सोलकढी वेगळ्या वाटीत, कारण भातावर ओतली की तिरफळाची झिणझिणी बोथट होते.