25 माणसं, 300 जोड्या

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझ्या मावसभावाचं मशीन शॉप आहे. सुरुवातीला त्याला धरून 6 जण होते, आता 25 आहेत. गेल्या वर्षी एका संध्याकाळी गेलो, तर केबिनच्या दाराशी चौघं ताटकळत उभे. एकाच्या हातात नुकताच उतरवलेला, कूलंटनं निथळणारा पहिला पीस, दुसऱ्याकडे ड्रॉइंग, तिसऱ्याला सुट्टी हवी होती आणि चौथा टेम्पोवाल्याचं चलान घेऊन आलेला. शेठ आत फोनवर. त्यानं तो पीस पास करेपर्यंत व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारं संगणकी मशीन, बंद.

"पोरं पूर्वीसारखी राहिली नाहीत रे," भाऊ म्हणाला. मला ते पटलं नाही. त्यातली निम्मी पोरं मी पहिल्या दिवसापासून पाहतोय. ती बदलली नव्हती, बदलला होता आकडा.

6 माणसांत बोलणाऱ्यांच्या जोड्या होतात 15. 25 माणसांत 300. म्हणजे माणसं चौपट झाली आणि निरोप चुकायच्या जागा वीसपट. व्यवस्थापनाचे अभ्यासक व्ही. ए. ग्रेक्युनस यांनी 1933 साली याच्याही पुढचा हिशेब मांडला. साहेब एकट्याशी वेगळा बोलतो, दोघं समोर असताना वेगळा, हेही त्यांनी मोजलं. हाताखाली 5 माणसं असली तर संभाव्य नाती निघाली 100. सहावा आला की 222! ही सगळी नाती रोज वापरात नसतात, त्यामुळे आकडा शब्दशः घेऊ नये. पण एक माणूस वाढला की साहेबाचा व्याप एका माणसाएवढाच वाढत नाही, हे शंभर टक्के खरं.

हा झाला निरोपांचा भाग. कष्टांचं काय होतं, ते समजायला आपल्याला नाशकात लांब जावं लागत नाही. कामदा एकादशीला काळाराम मंदिरापासून रामरथ आणि गरुडरथ निघतात, तेव्हा दोराला हात लावून बघा. माझा हात लागला काय, न लागला काय, रथ चालतोच, असं क्षणभर वाटून जातं. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि 1913 साली निष्कर्ष छापले. आठ जण मिळून ओढतात तेव्हा प्रत्येकाचा वाटा त्याच्या एकट्याच्या जोराच्या जेमतेम निम्मा पडतो.

मग उरलेला जोर जातो कुठे? काही तर ओढ एका क्षणी न लागल्यामुळे वाया जातो. पण 1974 साली अ‍ॅलन इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी एकेकाला डोळे बांधून दोराच्या पुढच्या टोकाला उभं केलं. मागचे साथीदार ओढण्याचं नुसतं नाटक करत होते. ओढणारा खरं तर एकटाच, तरीही मागे माणसं आहेत या समजुतीनंच त्याचा हात सैल पडला. आणि 1981 साली किपलिंग विल्यम्स, स्टीफन हार्किन्स आणि बिब लाताने यांना आढळलं, की प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला जातोय हे माणसाला कळलं, की ही ढिलाई ओसरते. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. कारण माणूस कामचुकार ठरवला की बोलणंच खुंटतं. त्याचं काम दिसत नव्हतं म्हटलं, तर काहीतरी करता येतं.

भावानं 24 जणांच्या आठ-आठच्या तीन टीम केल्या: टर्निंग, मिलिंग आणि इन्स्पेक्शन-डिस्पॅच. प्रत्येक टीमच्या आत 28 जोड्या, म्हणजे 84. तीन प्रमुख आणि शेठ यांच्यातल्या 6. एकूण 90. कागदावर 300 च्या 90 झाल्या, पण पहिला महिना काहीच हललं नाही. प्रमुख नेमले होते, अधिकार मात्र केबिनमध्येच होता. पीस पुन्हा शेठकडेच यायचा. शेवटी एका सोमवारी त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "पहिला पीस सेटर पास करणार. मायक्रोमीटर त्याचा, सही त्याची. मला विचारायचं नाही." सेटर म्हणजे मशीनवर जॉब लावणारा. जॉबकार्डावर ऑपरेटरचं नाव यायला लागलं, तेही चूक धरायला नाही, चांगला लॉट गेला की ते नाव वाचून दाखवतात.

टीमांच्या भिंतीही होतात, हे खरं. मिलिंगवाल्यांना टर्निंगची अडचण दोन दिवस उशिरा कळायला लागली. त्यावर आता सकाळी तिघं प्रमुख मशीनपाशी उभ्याउभ्याच दहा मिनिटं बोलतात.

परवा गेलो तेव्हा केबिनच्या दाराशी कुणी नव्हतं. मघाशी कुठल्या मशीनवर सेटिंग बदललं, ते भावाला माहीतच नव्हतं. सेटरनं जॉब लावला होता आणि व्हीएमसी सुरू होती.