तांबडा रंग आणि कॅमेऱ्यातले आकडे

कोल्हापूरजवळच्या जोतिबा डोंगरावरच्या चैत्र यात्रेला पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेलेल्या माणसाची तक्रार ठरलेली असते. सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच निशाणकाठ्या नाचताना, गुलाल उधळताना डोळ्यांनी जे पाहिलं ते फोटोत येतच नाही. माझंही तेच झालं. कॅमेरा नवा, मोड ऑटो. घरी येऊन संगणकावर बघतो तर सासनकाठी पेलणाऱ्या माणसाच्या जागी सपाट गुलाबी डाग. ना कपाळावरच्या आठ्या, ना फेट्याच्या घड्या. दुकानदार म्हणाला, "मेगापिक्सेल कमी पडत्यात, मोठा घ्या." मी घेतलाही. डाग तसाच राहिला, फक्त मोठा झाला.

तांबड्या रंगाचं आणि कॅमेऱ्याचं वाकडं जुनं आहे. त्यातला एक धागा आमच्या गावातूनच जातो.

1913 साली फाळक्यांचा पहिला चित्रपट आला तो इंग्लंडहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यावर. इकडे कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री, म्हणजेच पेंटर बंधू, यांनी ठरवलं की कॅमेरा आपणच करायचा. आनंदराव 1916 साली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून 1918 मध्ये तो पुरा केला. खरी कॉर्नरला त्याच्या आठवणीचा कॅमेरा स्तंभ आहे. रोज हजारो दुचाक्या त्याला वळसा घालून जातात, पण मान वर करून बघणारा विरळाच.

बाबूराव मूळचे चित्रकार. आयुष्य गेलं शेंदरी, किरमिजी, निळा कालवण्यात, आणि हातात आली ती मूकपटाच्या काळातली फिल्म. ती नुसती रंगहीन नव्हती. निळा आणि हिरवा प्रकाश तिला कळे, तांबडा मात्र दिसतच नसे. कुंकू काळं, ओठ काळे, आखाड्याची माती काळी आणि निळंशार आकाश पांढरंफट्ट! डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम करता येई ते याचमुळे. जो रंग फिल्मला दिसत नाही तो तिला बिघडवणार कसा? विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सिनेमात रुळली आणि फिल्म धुणाऱ्यांचा लाल दिवा गेला, मिट्ट काळोख आला.

डिजिटलची जन्मकथा थोडक्यात सांगतो, कारण ती सगळीकडे वाचायला मिळते. 1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी शोधली, म्हणजे फिल्मच्या जागी बसून उजेड टिपणारा सेन्सर. 2009 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. 1975 मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. 0.01 मेगापिक्सेलचा एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला 23 सेकंद लागत. आपल्या गोष्टीत महत्त्वाचा माणूस तिसराच आहे, ब्राइस बेयर. तोही कोडॅकचाच. सेन्सरला रंग कळत नाही, फक्त उजेड किती ते कळतं. म्हणून बेयरने प्रत्येक ठिपक्यावर रंगीत काचेसारखी गाळणी बसवली: चारातल्या दोन हिरव्या, एक तांबडी, एक निळी. 1976 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. हिरव्या दोन का, तर माणसाच्या डोळ्याला बारकावा सगळ्यात जास्त हिरव्यात कळतो. आज बहुतेक कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये हीच मांडणी किंवा तिचा भाऊबंद असतो.

आता गुलालाकडे या. गुलालावरून येणारा बराचसा प्रकाश तांबड्या गाळणीतून जातो. ते ठिपके काठोकाठ भरतात आणि हिरवे अर्धे रिकामेच राहतात. ऑटो मोड साधारणपणे सगळ्याचा मेळ घालून म्हणतो, उजेड बेताचा आहे. तोवर तांबड्याचं भांडं उतू गेलेलं असतं, आणि उतू गेलेल्यात बारकावा कुठून राहणार? शंभर वर्षांपूर्वी तांबडा दिसत नव्हता म्हणून काळा येई, आता जास्त झाला की डाग होतो. उपाय साधा आहे. ऑटोने ठरवलेला उजेड कमीजास्त करणारं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे 0.7 किंवा उणे 1 वर न्या. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघायचा तर तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा, एकत्रित आलेख इथे फसवतो. आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न शिजवलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढा.

नव्या माणसाला धडकी भरवणारे बाकीचे आकडे तर डिजिटलचे नाहीतच. 2.8, 4, 5.6, 8, 11, 16 हा अ‍ॅपर्चरचा पाढा, म्हणजे भिंगातल्या उजेड सोडणाऱ्या भोकाची मापं, भिंगांच्या काळापासूनचा आहे. आधीच्या आकड्याला सुमारे 1.4 ने गुणलं की पुढचा मिळतो, आणि दर पायरीला उजेड निम्मा होतो. फिल्म उजेडाला किती दाद देते त्याचं माप म्हणजे आयएसओ; हे नाव आलं 1974 मध्ये, अमेरिकेचं एएसए आणि जर्मनीचं डीआयएन ही दोन मापं एकत्र करून. जुन्या रोलच्या खोक्यावर 100/21° असं छापलेलं असे, ते त्याच तडजोडीतून. त्याच खोक्यावर सूर्याचं, ढगाचं चित्र आणि त्यापुढे अ‍ॅपर्चर. कडक उन्हात 16 ठेवा आणि शटर (उजेड आत येण्याचा वेळ) आयएसओइतकं, म्हणजे 100 चा रोल असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. उजेड मोजणारा मीटर बंद पडला तरी हा हिशेब आजही चालतो.

रोल आणि डिजिटल यांतला फरक कळतो तो तालमीत. गंगावेस घ्या नाहीतर मोतीबाग: उजेड खिडकीतून येईल तेवढाच, आणि फ्लॅश मारला की वस्ताद डोळे वटारतात. 400 चा रोल, अ‍ॅपर्चर 2.8, शटर 1/60. एवढ्यावर बसलेला पैलवान येई, धोबीपछाड मात्र नुसती धूसर रेघ. रोल घातला की 36 फोटो होईपर्यंत 400 म्हणजे 400. आज त्याच उजेडात 3200 करायचं, तीन पायऱ्या वर (दर दुपटीला एक), की शटर तीन पायऱ्यांनी वेगवान होऊन साधारण 1/500 मिळतं. सेन्सर काही जास्त जागा होत नाही, हाती आलेला संदेश फुगवला जातो एवढंच, म्हणून सावलीत दाणे दिसतात. दिसू देत. धूसर पैलवानापेक्षा दाणेदार पैलवान परवडला.

व्हाइट बॅलन्सचंही तसंच, म्हणजे कुठल्याही उजेडात पांढरं पांढरंच दिसावं यासाठीच्या सेटिंगचं. पूर्वी दिवसाच्या उजेडाचा रोल वेगळा आणि बल्बच्या उजेडाचा वेगळा मिळे. रंकाळा तलावावर दिवस मावळताना पाणी सोनेरी होतं आणि कॅमेऱ्याचा ऑटो त्याला पिवळेपणाचा आजार समजून बरा करतो. तिथे ऑटोऐवजी डेलाइट, म्हणजे दिवसाच्या उजेडाची सेटिंग ठेवा.

आणि डोंगरावरून उतरल्यावर लेन्सवर गुलाल बसलेला दिसला तर आधी ब्लोअरने उडवा, मग ब्रश फिरवा. शर्टाच्या टोकाने पुसू नका. यात्रेत लेन्स बदलायला काढूही नका. माझ्या सेन्सरवरचा एक गुलाबी कण दसऱ्यापर्यंत प्रत्येक फोटोच्या आभाळात दिसत होता.